पुनर्जाहिरातीचे निदान

दैनिकांच्या नगर आवृत्तीतील 'पाहिजेत' हा रकाना आमच्या बहुतेक व्यवसायबंधूंच्या नित्य वाचनात असतो. 'निवासी वैद्यकीय अधिकारी पाहिजे, बी. ए. एम. एस., राहण्याची सोय' किंवा 'फार्मासिस्ट पाहिजे, अनुभवास प्राधान्य' अशी एकच जाहिरात त्यात दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा झळकते. पहिल्या खेपेस अर्ज केलेला तरुण ती पाहून मनाशी एकच अर्थ लावतो, की आपण नापसंत ठरलो. हा अर्थ पुष्कळदा चुकीचा असतो, आणि तो तसा लावला जाण्याचा दोष प्रामुख्याने जाहिरात देणाऱ्यांचा, म्हणजे आपलाच असतो, असे आमचे मत आहे.

ज्वर दिसला की आपण लगेच औषध लिहीत नाही, हेतू शोधतो. पुनर्जाहिरातीचेही तसेच आहे. लक्षण एक, हेतू अनेक.

सर्वांत ठळक उदाहरण जिल्हा परिषदांच्या भरतीचे. मार्च २०१९ मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांनी गट क संवर्गातील पदांच्या जाहिराती दिल्या. आपल्या वाचकांशी निकटचा संबंध असलेले औषध निर्माण अधिकारी हे पदही त्यांत होते. लाखो उमेदवारांनी शुल्क भरून अर्ज केले. त्यानंतर ज्या महापरीक्षा पोर्टलद्वारे हे अर्ज घेतले होते तेच २०२० साली बंद झाले. पाठोपाठ कोरोनाची साथ आली. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द ठरविल्यामुळे जागांची प्रवर्गनिहाय मांडणी बदलली. त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्य विभागाच्या भरतीच्या प्रश्नपत्रिका फुटल्या. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची ती सारी प्रक्रिया रद्द करून शुल्क परत करण्याचे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी जाहिरात निघाली ती १९,४६० पदांची. त्यांपैकी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या वाट्यास ९३७ पदे आली. परीक्षेचे काम आता आय. बी. पी. एस. या संस्थेकडे होते. जुना अर्ज चालणार नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. मधल्या काळात ज्यांचे वय उलटून गेले त्यांच्याकरिता शासनाला मार्च २०२३ मध्ये वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत द्यावी लागली.

या चार वर्षांत अर्जदारांपैकी एकाचीही परीक्षा झालेली नव्हती. मग नापसंतीचा प्रश्न उद्भवतो कोठे? तरीही आमच्याकडे औषधे घ्यावयास येणाऱ्या एका गृहस्थांनी मुलाबद्दल सांगितले, की 'एकदा नशिबाने नाकारले, आता पुन्हा कशाला', म्हणून त्याने २०२३ साली अर्जच भरला नाही. ज्याने त्याला नाकारले असे तो समजत होता, त्याने त्याचा अर्ज उघडूनही पाहिला नव्हता.

शासकीय आणि अनुदानित संस्थांत आणखी एक हेतू असतो. राखीव जागेस पात्र उमेदवार न मिळाल्यास ती जागा सहजी दुसऱ्या प्रवर्गाकडे वळविता येत नाही. पुन्हा जाहिरात द्यावीच लागते. तेथे खुल्या प्रवर्गातील अर्जदाराने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, आणि राखीव प्रवर्गातील उमेदवाराने ही संधी दवडण्याचेही नाही.

आपल्या खासगी जगातील हेतू निराळे. औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १५७ अन्वये पूर्णवेळ तांत्रिक जाणकार असणे बंधनकारक आहे. तो सोडून गेला की मालकाची झोप उडते आणि जाहिरात घाईने जाते. मेडिकल दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टची गोष्ट वेगळी नाही. निवासी वैद्यांच्या जागा तर पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्यांबरोबर रिकाम्या होतात. पहाटेपर्यंत अभ्यास करणारा तरुण वैद्य यादीत नाव लागताच आठ दिवसांत निघतो, आणि त्याला दोष देणे आम्हास योग्य वाटत नाही. मात्र जेथे दर तीन महिन्यांनी तीच जाहिरात येते तेथे अर्जदाराने अवश्य सावध व्हावे. वेतन वेळेवर मिळत नसेल, चोवीस तास राबविले जात असेल, किंवा अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यासारख्या ठिकाणी राहण्याची सोय केवळ जाहिरातीतच असेल. आधीचे वैद्य का गेले, हे मुलाखतीत विचारण्याचा संकोच करू नये. उत्तर देताना मालक चिडला, तर उत्तर मिळालेच असे समजावे.

आता आमच्याच चुकीविषयी. २०२३ साली आमच्या वीस खाटांच्या रुग्णालयात पंचकर्म विभागाकरिता आम्ही निवासी वैद्य हवा म्हणून जाहिरात दिली. मुलाखतीस तिघे आले. त्यांत अकोले तालुक्यातील एक वैद्या होत्या; बस्तीकर्माचे ज्ञान उत्तम, बोलणे मोजके. आम्ही एका तरुणाची निवड केली, कारण तो दुसऱ्या दिवसापासून रुजू होऊ शकत होता. उरलेल्या दोघांना काहीच कळविले नाही. तो तरुण तेविसाव्या दिवशी पदव्युत्तर प्रवेश मिळून गेला. आम्ही तीच जाहिरात, एक अक्षरही न बदलता, पुन्हा दिली आणि वाट पाहत राहिलो. त्या वैद्यांना इच्छा असेल तर त्या येतीलच, असे आम्ही गृहीत धरले. त्यांचा दूरध्वनी क्रमांक आमच्या टेबलाच्या खणात होता.

पाच महिने जागा रिकामी राहिली. स्त्रीरुग्णांची उत्तरबस्तीसारखी कर्मे आम्हास बंद ठेवावी लागली. काही रुग्णा पुण्यास गेल्या, काही कोठेच गेल्या नाहीत. पुढे नगरच्या एका चर्चासत्रात त्या वैद्या भेटल्या. तोवर त्या पुण्यातील एका आधुनिक रुग्णालयात रात्रपाळी करीत होत्या. आम्ही विचारले, दुसरी जाहिरात पाहिली नव्हती काय? त्या म्हणाल्या, "पाहिली होती सर. म्हणूनच आले नाही. मी समोर असताना तुम्ही पुन्हा जाहिरात दिलीत, म्हणजे मी नकोच होते ना."

यावर आम्हास काही बोलता आले नाही.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती आहे, की पुनर्जाहिरातीत दोन ओळी वाढवाव्यात. पहिली, पूर्वी अर्ज केलेल्यांनी पुन्हा अर्ज करावा की नको. दुसरी, जागा का रिकामी झाली. 'आधीचे वैद्य पदव्युत्तर शिक्षणासाठी गेल्यामुळे' एवढे पुरे. रकान्याचा दर शब्दांवर असतो हे आम्ही जाणतो. तो खर्च सोसण्याजोगा आहे. आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकास होकार वा नकार दूरध्वनीवरून कळवावा. अर्जदारांनीही दोन्ही जाहिराती शेजारी ठेवून वाचाव्यात. वेतन, अनुभवाची अट, पदाचे स्वरूप यांत काही बदलले असेल, तर आपला पहिला अर्ज ज्या जागेसाठी होता ती जागाच आता वेगळी आहे. काहीच बदलले नसेल तर सरळ दूरध्वनी करावा.

आमच्या रुग्णालयातील तीच जागा पुढील महिन्यात पुन्हा रिकामी होत आहे. या खेपेस जाहिरात देण्यापूर्वी खणातील क्रमांक लावून पाहिला. त्या वैद्यांनी विचार करण्यास आठ दिवस मागितले आहेत.