बाबांचा फोन कुठे तुटला?

या वेळी कोडं-बिडं काही नाही. आधी एक गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे, माझ्याच वर्गातली आहे आणि जिची आहे तिला विचारून लिहिते आहे. फक्त "बाई, माझं नाव नका हं छापू!" असं तिनं बजावलंय.

आमची शाळा कोकणातली. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील नाहीतर मामा-काका आखातात नोकरीला आहेत. चौथीतल्या या मुलीचे बाबा कुवेतला असतात. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. त्या शुक्रवारी तिनं विचारलं, "बाबा, गणपतीला येणार ना?" आणि नेमकं त्याच क्षणी चित्र गोठलं. बाबांचं तोंड अर्धवट उघडं. मग तेही गेलं. रात्रीपर्यंत पुन्हा कॉल लागला नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत बाईसाहेब घुम्यासारख्या बसून. खूप विचारल्यावर बोलली, "बाबांना उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला."

मी म्हटलं, "अगं, नेट गेलं असेल."

"नेट गेलं म्हणजे कुठे गेलं?"

आता आली का पंचाईत! आपण मोठी माणसं दिवसातून चार वेळा "नेट गेलं" म्हणतो, पण कुठे गेलं ते कोण विचारतंय? गणिताचा तास बाजूला ठेवला. फळ्याच्या एका टोकाला तिचं घर काढलं, दुसऱ्या टोकाला कुवेत. मधल्या वाटेवर कुठे तुटलं ते शोधायचं ठरलं.

सुरुवात आईच्या कानापासून. आईच्या कानात बिनतारी इअरफोन होता. इअरफोन आणि फोन यांचं मिळून एक चिमुकलं जाळं होतं. त्याला म्हणतात पर्सनल एरिया नेटवर्क, म्हणजे पॅन. (पॅन कार्डाशी त्याचं काही नातं नाही, हे मागच्या बाकावरच्यांसाठी!) एका माणसाभोवतीचं जाळं, साधारण दहा मीटरच्या आतलं. इअरफोनमध्ये जे ब्लूटूथ असतं, त्याला दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाचं नाव दिलंय. हॅराल्ड ब्लूटूथ. म्हणजे निळ्या दाताचा हॅराल्ड! त्यानं विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही युक्ती वेगवेगळी यंत्रं एकत्र आणते. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

पुढे फोन ते भिंतीवरची वायफायची पेटी, म्हणजे राऊटर. घरातले सगळे फोन, आत्याचा लॅपटॉप, सगळे त्या पेटीला जोडलेले. हे झालं लोकल एरिया नेटवर्क, अर्थात लॅन. एका घरापुरतं, एका ऑफिसपुरतं, एका शाळेपुरतं. आमच्या शाळेतले सहा संगणक वायरींनी एका स्विचला जोडले आहेत, तेही लॅनच. त्या खोलीत एकच प्रिंटर आहे आणि सहाही संगणकांवरून त्याच्यावर छापता येतं. तुम्हांला गंमत सांगते, आज जगभर वापरतात ती इथरनेट नावाची लॅन निघाली तीही अशाच गरजेतून. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात नवा लेझर प्रिंटर तयार होत होता आणि तो अनेक संगणकांना मिळून वापरायचा होता. तिथे रॉबर्ट मेटकाफ यांनी ही जोडणीची पद्धत सुचवली. आजही तांब्याच्या इथरनेट वायरीचा एक तुकडा शंभर मीटरपर्यंतच ओढायचा, असा नियम आहे. त्याहून लांब जायचं तर मध्ये स्विच हवा. शाळेच्या पटांगणापलीकडच्या नव्या खोलीत वायर न्यायची होती, तेव्हा मी आणि शिपाईमामांनी सुतळीनं अंतर मोजलं होतं. ब्याण्णव मीटर भरलं. थोडक्यात वाचलो!

मग मी तिला विचारलं, "कॉल गेला तेव्हा फोनवर वायफायची खूण दिसत होती का?"

तिनं डोळे मिटून आठवलं. "हो बाई! खूण होती. पण पेटीवर लाल दिवा लागला होता."

झालं! खूण होती म्हणजे फोन आणि पेटी एकमेकांशी बोलत होते. घरातलं जाळं धडधाकट होतं. तुटलं ते पेटीच्या पलीकडे. पालकांनो, तुम्हीही हे ध्यानात ठेवा. खूण असेल आणि नेट नसेल, तर मुलांवर "काहीतरी दाबलंस तू!" म्हणून ओरडू नका. बहुतेक वेळा दोष पलीकडचा असतो.

पलीकडे काय? शहर असतं तर मॅन आलं असतं, मेट्रोपोलिटन एरिया नेटवर्क. पुण्यामुंबईसारख्या एका शहरभर पसरलेलं जाळं. आमच्या गावात कुठलं आलंय मॅन! इथे पेटीतून निघालेली काचेची तार वाडीतल्या खांबांवरून जाते, मुख्य रस्त्याला लागते आणि तालुक्याला पोचते. तिथून जिल्हा, मग मुंबई. एकदा का असं गावंच्या गावं आणि देशच्या देश ओलांडू लागलं, की त्याला म्हणायचं वाइड एरिया नेटवर्क, वॅन. इथे आणखी एक फरक पडतो. लॅनची वायर आपली स्वतःची असते, सुतळीनं मोजून आपणच टाकतो. वॅनमध्ये बहुधा दुसऱ्याच्या तारा भाड्यानं वापराव्या लागतात. समुद्र ओलांडायचा तर आपण कुठली वायर टाकणार?

समुद्र म्हटल्यावर वर्गात एकच गिल्ला झाला. सगळ्यांना वाटत होतं, बाबांचा आवाज उपग्रहावरून येतो. नाही रे मुलांनो! देशादेशांमधलं इंटरनेट बहुतेक सगळं समुद्राच्या तळावरच्या केबलींमधून जातं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली येऊन लागतात. त्यांतली फाल्कन नावाची केबल मुंबईहून ओमान, दुबई, बहारीन करत कुवेतपर्यंतही जाते. खोल समुद्रात केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू, त्यांतून प्रकाश धावतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. वळणं धरून वाट चार हजार किलोमीटरची समजली तर किती वेळ लागेल? बुडालेला गणिताचा तास इथे वसूल केला. सेकंदाचा पन्नासावा भाग! पापणी लवायच्या आत "गणपतीला येणार ना?" कुवेतला पोचलेलं असतं.

आणि ही समुद्राखालची वाट आजची नाही बरं का. १८७० साली ग्रेट ईस्टर्न नावाच्या अवाढव्य जहाजानं मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल अरबी समुद्रात टाकली होती. विजेचा दिवा घरोघरी यायच्या कितीतरी आधी!

केबली तुटतातही. बहुतेकदा मासेमारीच्या जाळ्यांनी नाहीतर जहाजांच्या नांगरांनी. २००८ च्या जानेवारीअखेर इजिप्तजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट एकदम मंदावलं. दोनच दिवसांनी दुबईजवळ फाल्कन तुटली. दुरुस्तीचं जहाज गेलं तर तळाशी टाकून दिलेला काही टनांचा नांगर सापडला. अशा वेळी जहाजावरून मोठा आकडा सोडून केबल वर ओढतात, डोंबाऱ्याच्या नव्हे, सोनाराच्या हातानं काचेचे तंतू पुन्हा जोडतात आणि ती परत पाण्यात सोडतात.

"मग परवा समुद्रात तुटली?" एकानं विचारलं.

म्हटलं, ते आपण वर्गातच ठरवू. शुक्रवारी संध्याकाळी कोणाकोणाचं नेट गेलं होतं? वरच्या वाडीतल्या, घरी तारेचं नेट असलेल्या पाचही जणांनी हात वर केले. खालच्या वाडीत एकाचंही गेलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, समुद्रात तुटली असती तर फक्त वरच्या वाडीचं कसं गेलं असतं? बिघाड केवढ्या भागात झाला ते पाहिलं, की कुठलं जाळं तुटलं त्याचा अंदाज येतो. एकाच घराचं गेलं तर घरातलं किंवा घरापर्यंतच्या तारेचं, वाडीचं गेलं तर वाडीच्या तोंडाशी, आणि देशभर बोंब झाली तर मात्र लांबची केबल.

शाळा सुटल्यावर आमची वरात वाडीच्या तोंडाशी गेली. गटाराचं खोदकाम चाललं होतं. मातीच्या ढिगाऱ्याशेजारी काळी तार तुटून पडलेली. एक माणूस खाली बसून ती जोडतच होता.

ती बराच वेळ तारेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी नाही ठेवला."

येताना मी तिला अर्पानेटची गोष्ट सांगितली. इंटरनेटचा हा पणजोबा. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून पाचशेहून अधिक किलोमीटर लांबच्या स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाला पहिला संदेश पाठवत होते. शब्द होता लॉगइन, इंग्रजीत पाच अक्षरांचा. एल गेलं, ओ गेलं आणि तिकडचा संगणक बंद पडला! तासाभरानं पुन्हा प्रयत्न केला तेव्हा अख्खा शब्द पोचला. "त्यांचंही पहिल्याच वेळी तुटलं?" असं म्हणून ती खुदकन हसली.

पुढच्या शुक्रवारी तिनं कॉल लागताच तोच प्रश्न विचारला. रजा अजून मंजूर झालेली नाही, म्हणाले बाबा. कळलं की लगेच सांगतो म्हणाले. सोमवारी तिनं मला वही दाखवली. दोन पानं जोडून घर ते कुवेत नकाशा काढलाय. समुद्र निळा, केबल लाल, आणि वाडीच्या तोंडाशी तार जोडणाऱ्या माणसाला तिनं टोपीही घातलीय.

तुमच्या घरातली तार दाराबाहेर पडून कुठे जाते? रविवारी आईबाबांबरोबर तिचा जमेल तितका माग काढा (खांबाला हात लावायचा नाही!) आणि कुठपर्यंत पोचलात ते मला पत्रानं कळवा.