हळद, ब्राह्मी आणि हरवणारी आठवण

आमच्याकडे म्हातारपणी माणूस विसरू लागला की दोन गोष्टी हमखास घडतात. घरातले वडीलधारे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात, आणि आल्यागेल्यांपैकी कोणीतरी एखादे चूर्ण सुचवते. हळदीचे दूध द्या, भिजवलेले बदाम द्या, ब्राह्मीचे तेल टाळूवर जिरवा, आवळा चुकवू नका. अलीकडे या सल्ल्याला एक इंग्रजी शब्दही येऊन चिकटला आहे : अँटिऑक्सिडंट. चहाच्या खोक्यापासून सरबताच्या बाटलीपर्यंत तो छापलेला दिसतो. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या शब्दाच्या आडोशाने आपल्या घरांत जे चालले आहे त्याविषयी लिहावे, असे फार दिवस मनात होते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. लोखंड गंजते, चिरलेले सफरचंद काळवंडते, जुन्या तेलाला खवट वास येतो. या सर्वांमागे प्राणवायूशी होणारी क्रिया असते. शरीरातही अशा क्रिया अहोरात्र चालतात आणि त्यांतून ‘मुक्त मूलके’ नावाचे मोठे उपद्व्यापी कण तयार होतात. ते पेशींना इजा करतात. ही इजा साठत जाते आणि त्यातून म्हातारपण येते, अशी उपपत्ती डेन्हम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडली. मेंदू या बाबतीत विशेष नाजूक. वजनाने तो शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू वापरतो सुमारे २० टक्के. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणांत लवकर खराब होणारी स्निग्ध द्रव्ये भरपूर. तेव्हा हा गंज थोपवणारे पदार्थ खाल्ले तर स्मृती वाचेल, हा तर्क मुळीच वेडगळ नाही. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे, जांभळाच्या आणि कोकमाच्या रंगात असे गुण आहेत, आणि हळदीतल्या कुरकुमिनने उंदरांवरच्या प्रयोगांत आशाही दाखवली आहे.

पण उंदीर म्हणजे आपली आजी नव्हे. माणसांवर प्रयोग झाले तेव्हा चित्र बरेच फिके पडले. ई जीवनसत्त्व हे यातले नाणावलेले द्रव्य. स्मृती किंचित मंदावलेल्या ७६९ लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे भारी मात्रेत ई जीवनसत्त्व देऊनही रोगाकडे होणारी वाटचाल थांबली नाही. २०१४ साली ६१३ रुग्णांच्या प्रयोगात थोडे वेगळे दिसले : रोजची कामे स्वतः करण्याची त्यांची शक्ती जरा सावकाश घटली, स्मरणशक्तीत मात्र फरक पडला नाही. २०१७ साली साडेसात हजारांवर पुरुषांच्या पाहणीत ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम या दोहोंनीही स्मृतिभ्रंश टळला नाही. गिंको नावाच्या चिनी झाडाच्या पानांचा अर्क तर तीन हजारांवर वृद्धांना वर्षानुवर्षे देऊन पाहिला. २००८ साली उत्तर आले की उपयोग नाही. बरे, ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ असे म्हणावे, तर तेही खरे नाही. भारी मात्रेतले ई जीवनसत्त्व वर्षानुवर्षे घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचे २०११ साली आढळले.

आता हळद. हळदीवर बोलताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो, आणि ते साहजिकही आहे. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते, ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ साली रद्द करून घेतले. पण ती लढाई हळदीचा उपयोग आपल्याला आधीपासून माहीत होता, हे सिद्ध करण्याची होती. हळदीने स्मृती वाचते हे त्यातून सिद्ध होत नाही. गंमत अशी, की दोन्ही गोष्टींची सरमिसळ करणारे संदेश मोबाइलवर सर्रास फिरतात. हरियाणातल्या बल्लभगड भागात अल्झायमरचे नवे रुग्ण अमेरिकेतल्या एका भागापेक्षा पुष्कळच कमी आढळतात, असा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लगेच त्याचे श्रेय भारतीय स्वयंपाकघराला देण्यात आले. वास्तविक तो अभ्यास हळदीचा नव्हताच. आयुर्मान, आनुवंशिकता, पाहणीचा अल्प काळ अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. हळदीच्या पुडीत कुरकुमिन असते साधारण ३ टक्के, आणि तेही आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. २०१८ साली अवघ्या ४० माणसांच्या प्रयोगात खास बनवलेल्या कुरकुमिनने स्मृती थोडी सुधारली, हे खरे. पण त्याआधी अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात काहीच हाती लागले नव्हते. ब्राह्मीचेही तसेच. निरोगी माणसांत थोडा गुण दिसला आहे, रोग्यांत खात्रीचा पुरावा नाही. आणि जाता जाता एक : हळदीचा पिवळेपणा वाढवण्यासाठी तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळतात, असे २०१९ साली बांगलादेशात उघडकीस आले. शिसे हे मेंदूचे विषच. बुद्धीसाठी म्हणून चमचाचमचा हळद पोटात घालणाऱ्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे.

हळद भाजीत घालावी, आवळा खावा, कोकमाचे सार तर ओरपावेच. माझा आक्षेप अन्नावर नाही. अन्नाचे औषध केले की घरात काय होते, त्यावर आहे. आमच्या गल्लीत एका घरी सासरे विसरू लागले. दोन वर्षे हळदीचे दूध, बदाम आणि एका विक्रेत्याकडून आणलेले महागडे चूर्ण चालू होते. गुण येईना. दोष कोणाला? चूर्णाला नाही, विक्रेत्याला नाही, वयाला तर नाहीच. दोष सुनेला. ‘वेळच्या वेळी देत नसशील’, ‘दूध नीट आटवले नसशील’. त्या काकू नोकरी करून रात्री साडेदहाला दूध आटवत उभ्या असत, हे मी आमच्या खिडकीतून पाहिले आहे. डॉक्टरांकडे न्यावे असे त्यांनी दोनतीनदा सुचवले, तेव्हा ‘आमच्या अण्णांना वेडे ठरवता काय’ म्हणून त्यांनाच गप्प बसवण्यात आले.

ही दिरंगाई महाग पडते. विसरण्यामागे कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कधी थायरॉइडचा बिघाड, कधी मनाचे नैराश्य. ही कारणे साध्या तपासण्यांनी कळतात आणि त्यांवर उपचार आहेत. खरोखर अल्झायमर निघाला, तरी घराला वेळीच तयारी करता येते : औषधांची, व्यवहारांची, रात्रीच्या जागरणाच्या पाळ्यांची. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या घरांना ‘साठी बुद्धी नाठी’ एवढेच सांगून भागेल काय?

मग स्मृती राखायची कशी? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा कारणांची यादी दिली. ती सारी आवरली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रोगी टाळता किंवा लांबवता येतील, असे त्यांचे गणित आहे. त्या यादीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, धूम्रपान आहे, एकटेपणा आहे, दूषित हवा आहे. ऐकू कमी येणे आहे. आमच्याकडे चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण कानाचे यंत्र म्हटले की आजोबा बिथरतात. मग सगळे ओरडून बोलतात, काही दिवसांनी बोलणेच सोडतात, आणि म्हातारा माणूस कोपऱ्यात नुसता बसून राहतो. आणि याच यादीत कमी शिक्षणही आहे. लहानपणी शाळा सुटली तर म्हातारपणी मेंदूची शिल्लक कमी पडते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. माझ्या आजीच्या हातची भाजी हळदीवाचून कधी झाली नाही. तिला चौथीतून काढले, कारण धाकटी भावंडे सांभाळायची होती. तिच्या दोन्ही भावांना मॅट्रिकपर्यंत शिकवले. आज ती माझे नाव विसरते आणि भावांच्या शाळेची घंटा मात्र तिला आठवते. तिच्या विसरण्याला शाळाच कारणीभूत आहे, असे मी म्हणत नाही. एकेका माणसाबद्दल तसे सांगता येत नाही. पण तिच्या पिढीतल्या हजारो बायकांच्या ताटात काय कमी होते याचा हिशेब मांडताना आपण नेमकी शाळाच वगळतो.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर हिवाळ्यात सात दिवस दत्तक गावी असते. खड्डे खणून झाडे लावतो, शेवटच्या रात्री नाटिका करतो. प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या शिबिरात त्यांतला एक दिवस साठीपुढच्या माणसांसाठी द्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने रक्तदाब, साखर आणि कान तपासता येतील, आणि ज्यांच्या विसरण्याची घरात कुजबुज आहे त्यांना जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळवून देता येईल. नोंदी ठेवायला, घरोघर जाऊन बोलावणे करायला आम्ही कला शाखेच्या मुली तयार आहोत.