रक्त रुग्णांचे, विद्या कोणाची?

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. तरीही यकृत यकृताचे काम करते आणि डोळा डोळ्याचे. कारण कोठे कोणते जनुक जागे आणि कोणते निद्रिस्त, हे पेशीगणिक निराळे असते. जागे जनुक आरएनए या रेणूच्या रूपाने आपला संदेश पाठविते. हे संदेश मोजले की पेशी या घटकेला काय करीत आहे ते कळते. या मोजणीस जनुकीय अभिव्यक्तीचे विश्लेषण म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते अशा जुनाट व्याधींच्या अभ्यासात या पद्धतीने जे घडविले, त्याकडे केवळ विज्ञानाची करामत म्हणून पाहून भागणार नाही.

ल्युपसचेच पाहावे. या व्याधीच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. सांधे धरतात, ताप येतो, चट्टे उठतात, कित्येकींची मूत्रपिंडे निकामी होतात; आणि तोवर ‘बाईची नेहमीचीच कुरकुर’ म्हणून घरात, पुष्कळदा दवाखान्यातही, तिची बोळवण झालेली असते. २००३ साली अमेरिकेत मिनेसोटा व डॅलस येथील दोन संशोधक-गटांनी अशा रुग्णांच्या रक्तपेशींतील हजारो जनुकांचे संदेश एकदम मोजले. विषाणूचा हल्ला झाला म्हणजे शरीर इंटरफेरॉन हे द्रव्य सोडते. त्या द्रव्याच्या हुकमाने चालणारी जनुके मिनेसोटाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत, आणि डॅलसच्या जवळजवळ सर्व बालरुग्णांत, जागी आढळली. शत्रू वेशीवर नसताना नगारा वाजतच राहावा, तसा हा प्रकार. तिची कुरकुर खोटी नव्हती, याचा पुरावा तिच्याच रक्तात होता.

या विद्येच्या वाढीमागे एक सामाजिक निर्णय आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. असंख्य जनुके एकाच पट्टीवर मोजण्याचे मायक्रोअ‍ॅरे तंत्र १९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून पुढे आले. अशा तयार पट्ट्या विकणाऱ्या कंपन्या निघाल्या असताना, पॅट्रिक ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली ते यंत्र कसे बांधावे याची कृतीच जगाला फुकट देऊन टाकली. २००० साली अमेरिकन सरकारने अशा मोजणीच्या आकड्यांचे खुले भांडार उघडले. विद्या सामायिक ठेवता येते. मात्र तसे कोणी तरी ठरवावे लागते.

औषधाच्या बाबतीत ते कोणी ठरविले नाही. इंटरफेरॉनचा मार्ग अडविणाऱ्या अ‍ॅनिफ्रोलुमॅबला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. मालकी अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीची. चाचण्यांचा खर्च व धोका कंपनीने उचलला, २०१८ साली एक मोठी चाचणी फसलीही, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या खुणेवर औषध उभे आहे ती रुग्णांच्या रक्तातून आणि विद्यापीठांतील संशोधनातून हाती आली, हा हिशेब किमतीत कोठेच उतरत नाही.

शिवाय रक्त कोणाचे मोजले गेले? निरोगी अवयवांतील अभिव्यक्तीचा अमेरिकेतील जीटेक्स हा संग्रह जगभर आधार मानला जातो. त्यातील सुमारे ८५ टक्के दाते गोरे आहेत. ल्युपस मात्र तेथील काळ्या स्त्रियांना अधिक आणि अधिक तीव्रतेने ग्रासतो. भारताने जानेवारी २०२५ मध्ये १० हजार नागरिकांचा जनुकसंच संशोधकांना उपलब्ध केला, हे स्वागतार्हच. पण जनुकसंच ही घरातील सामानाची यादी. कोणता दिवा आज रात्री विनाकारण जळतो आहे, ते यादीवरून कळत नाही. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांचे रक्त, त्यांच्या संमतीने आणि नावे गुप्त राखून, वर्षानुवर्षे तपासावे लागेल.

यास पैसा नाही, ही सबब चालणार नाही. अ‍ॅनिफ्रोलुमॅबच्या चाचण्यांत रुग्णांची विभागणी अवघ्या चार जनुकांचे संदेश मोजून झाली, आणि तेही पीसीआर पद्धतीने. ही तपासणी एकट्याने निदान करीत नाही. डॉक्टरच्या हाती एक खूण देते. कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत याच जातीची यंत्रे जनतेच्या पैशातून बसविली गेली. ती ल्युपसच्या अभ्यासाला लावण्याचा निर्णय सरकारने घ्यावा, आणि मिळणारे आकडे पहिल्या दिवसापासून खुल्या भांडारात ठेवावेत.