फोनची बॅटरी सांगते, सायकलचा क्रँक सांगत नाही: शिमानोच्या रिकॉलमधून आपण काय घ्यायचं?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दिवसाच्या अंतराने दोन बातम्या आल्या. २२ तारखेला आयफोन १५ दुकानात आला. त्याच्या सेटिंग्जमध्ये एक नवीन ओळ आहे, 'सायकल काउंट'. बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण वापरून झाली, याचा हा आकडा. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस तीच चर्चा चालू होती.

त्याच्या आदल्या दिवशी, २१ सप्टेंबर २०२३ ला, खऱ्याखुऱ्या सायकलची बातमी होती. ती मात्र ग्रुपवर कोणी टाकली नाही. सायकलचे पार्ट बनवणारी जपानची सगळ्यात मोठी कंपनी शिमानो हिने आपले काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. माझ्या मते आपल्यासाठी ही बातमी आयफोनपेक्षा मोठी आहे. का, ते सांगतो.

नक्की काय झालं?

क्रँक म्हणजे पायडल ज्या दांडीला बसवलेलं असतं ती दांडी. उभं राहून चढ चढताना तुमचं अख्खं वजन तिच्यावर येतं. शिमानोच्या वरच्या दर्जाच्या रोड बाईक क्रँकमध्ये ही दांडी आतून पोकळ असते. ॲल्युमिनियमचे दोन तुकडे खास गोंदाने एकमेकांना चिकटवून ती बनवतात, त्यामुळे ती हलकी होते. अडचण अशी, की काही क्रँकमध्ये हा जोड सुटतोय, आणि सुटला की दांडी चालत्या सायकलवर तुटू शकते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नोटिशीनुसार कंपनीकडे जोड सुटल्याच्या ४,५१९ तक्रारी आल्या आणि ६ जण जखमी झाल्याची नोंद आहे. त्यात हाड मोडणं, सांधा निखळणं असे प्रकार आहेत. रिकॉलमध्ये अमेरिकेतले सुमारे ६ लाख ८० हजार आणि कॅनडातले सुमारे ८० हजार क्रँक आहेत. जगभरात तपासायचे क्रँक धरले तर आकडा २८ लाखांच्या आसपास जातो. हे सगळे जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले आहेत. किंमत अमेरिकेत २७० ते १,५०० डॉलर होती, म्हणजे २०२३ च्या दराने साधारण २२ हजार ते सव्वा लाख रुपये.

थोडक्यात, हा स्वस्त माल नाही. चांगल्या कंपनीचा, महागडा आणि टेस्टिंग करून विकलेला माल आहे. तरी जोड सुटला.

धातूसुद्धा थकतो

तार तोडायची आहे आणि पक्कड सापडत नाही, अशा वेळी आपण काय करतो? तार मागे-पुढे वाकवत राहतो. एका झटक्यात न तुटणारी तार वीस वेळा वाकवली की तुटते. धातूला आलेला हा थकवा. प्रत्येक ताणाबरोबर आत बारीक तडा थोडा थोडा वाढत जातो. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस उरलेला भाग भार पेलू शकत नाही.

आता साधा हिशेब करू. मिनिटाला ८० वेळा पायडल मारलं तर तासाला ४,८०० वेळा. दर रविवारी तीन तास म्हणजे १४,४०० वेळा. वर्षातले ५० रविवार धरले तर ७ लाख २० हजार वेळा. एवढ्या वेळा तुमच्या एकेका क्रँकवर जोर येतो आणि निघून जातो. फोनच्या बॅटरीचे सायकल शेकड्यात मोजतात, सायकलच्या पार्टचे लाखांत. फरक एवढाच, की बॅटरीचा आकडा स्क्रीनवर दिसतो आणि क्रँकचा कुठेच दिसत नाही.

इथे आपला एक जुना समज आड येतो. आजोबांची काळी सायकल चाळीस वर्षं चालली, म्हणून सायकल ही आयुष्यभराची वस्तू, असं आपल्याला वाटतं. पण ती सायकल पोलादाची होती, जाड आणि जड. पोलादाचा एक गुण आहे: ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते जवळजवळ थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. छोटा ताणसुद्धा खात्यात जमा होत राहतो. शिवाय जुन्या सायकलचा कॉटर झिजला की पायडल डुगडुगायचं, आवाज यायचा, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री थोडक्या पैशात तो बदलून द्यायचा. पोलाद बहुतेक वेळा आधी वाकतं. कार्बन फायबर मात्र वाकून सूचना देत बसत नाही, बरेचदा थेट तुटतं.

म्हणजे सायकल हलकी झाली, वेगवान झाली, पण तिच्याबद्दलची आपली समजूत अजून काळ्या सायकलच्या जमान्यातलीच आहे.

माझं हँडल

हे मी शहाणपणाच्या उंच आसनावर बसून सांगत नाहीये. गेल्या वर्षी मी पुण्यात एक सेकंड-हँड रोड बाईक घेतली. रंग चकाचक, गिअर मऊ, किंमत बजेटमध्ये. दोन महिन्यांनी चढावर कर्र-कर्र असा आवाज यायला लागला. मी व्हिडिओ पाहिले, बीबीला ग्रीस लावलं, सीट पोस्ट काढून पुसला. आवाज तसाच. मग मी सरळ हेडफोन घातला. तीन आठवडे असेच गेले.

एका शनिवारी चाकाचा आउट काढायला म्हणून गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी सायकल नुसती हलवली, हँडलला कान लावला आणि मला न विचारता हँडलची टेप सोडायला लागले. स्टेमच्या अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ होती, अर्ध्या गोलाहून जास्त. काकांनी हँडल काढलं आणि दोन्ही हातांनी जरा दाबलं. रेघ उघडली, परत मिटली.

"उद्या कुठं जाणार होता?"

"सिंहगड."

काका काही बोलले नाहीत. हँडल बाजूला ठेवून त्यांनी चाक उचललं.

घरी येऊन ज्याच्याकडून सायकल घेतली त्याला फोन केला. तो म्हणाला, "एकदा पडलो होतो रे, पण सायकलला काही झालं नव्हतं." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. प्रश्न न दिसलेल्या गोष्टीचा होता.

हे मोठ्या मोठ्यांच्या बाबतीत झालंय. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी आधी एकदा पडला, उठून पुन्हा शर्यतीत आला, आणि नंतर दगडी रस्त्यावर त्याच्या सायकलचा ॲल्युमिनियमचा स्टिअरर, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारी नळी, तुटला. खांद्याला दुखापत होऊन त्याची शर्यत संपली. त्याच्यामागे टीमचे मेकॅनिक होते, बदली सायकली होत्या. तरीही आधीच्या पडण्याचा हिशेब नंतर चुकवावा लागला.

नजरेने केलेली तपासणी पुरेशी आहे का?

शिमानोने सरसकट सगळे क्रँक बदललेले नाहीत. अधिकृत डीलरकडे सायकल न्यायची, तो क्रँक तपासणार, जोड सुटल्याची खूण दिसली तर मोफत बदलून मिळणार, नाहीतर तोच क्रँक घेऊन घरी.

कंपनीची बाजू समजते. तक्रारींचा आकडा एकूण क्रँकच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि लाखो क्रँक एका दमात बनवून देणं कोणालाच जमणार नाही. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला यातली फट लगेच दिसते. आम्ही टेस्ट एकदा पास झाली म्हणून ती पुन्हा चालवायची सोडत नाही. कोड बदलला की टेस्ट पुन्हा चालते. इथे तर क्रँक दर तासाला ४,८०० वेळा बदलतोय. आज पास झालेला क्रँक सहा महिन्यांनी पास होईलच असं नाही. तपासणीचा निकाल हा त्या दिवसापुरता असतो. 'ओके' शिक्का मिळाला तरी पुढची नजर तुमचीच लागणार.

निरोप पोहोचणार कसा?

आपल्याकडचा खरा प्रश्न मात्र याच्याही आधीचा आहे. तुमच्या सायकलचा पार्ट रिकॉलमध्ये आलाय, हे तुम्हाला कळणार कसं?

२०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या. कंपनीने फोन परत मागवले, आणि ज्यांनी ते परत केले नाहीत त्यांच्या फोनमध्ये अपडेट पाठवून चार्जिंगवर मर्यादा घातली, अमेरिकेत तर शेवटी चार्जिंगच बंद करून टाकलं. कंपनीचा हात थेट तुमच्या खिशापर्यंत पोहोचतो. क्रँकला अपडेट पाठवता येत नाही.

मार्च २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल सामीं शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूलच्या सायकलचं हँडल शर्यत चालू असताना तुटलं. सायकल कॅनियन कंपनीची होती. कंपनीने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल चालवू नका असं कळवलं. कॅनियन ऑनलाइन थेट ग्राहकाला विकते, त्यामुळे खरेदीदारांचे ईमेल तिच्याकडे होते. पण तीच सायकल कोणी पुढे विकली असेल तर? ईमेल पहिल्या मालकाकडे जाणार, सायकल दुसऱ्याच्या पायाखाली.

आपल्याकडे कार किंवा मोटरसायकल असेल तर निदान कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून ते लागू झालं, आणि आरटीओकडे प्रत्येक गाडीचा नंबर आणि मालक नोंदलेला असतो. सायकल मोटार वाहन नाही. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची ई-सायकलही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवायचा आदेश देऊ शकतं. पण आदेश निघाला तरी तो पाठवायचा कोणाला? मालकांची यादीच नाही.

माझे बाबा सांगतात, त्यांच्या काळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. नसला की दंड. तो करासाठी होता, सुरक्षेसाठी नाही, आणि तो गेला ते बरंच झालं. कर परत आणा असं मी म्हणत नाही. पण दुकानदाराने बिलावर फ्रेम नंबर लिहावा, ग्राहकाचा मोबाईल नंबर कंपनीकडे नोंदवावा, आणि सायकल विकली की ती नोंद नव्या मालकाच्या नावावर करता यावी, एवढं आज एका क्यूआर कोडमध्ये होण्यासारखं आहे. कंपन्यांनी ते करायला हवं, आणि आपण मागायला हवं.

तोवर काय करायचं?

महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं काढा. हत्यारं फार लागत नाहीत. एक फडकं, फोनचा टॉर्च आणि एक पट्टी.

१. आधी सायकल पुसा. मळाखाली तडा दिसत नाही. मग टॉर्च तिरका धरून क्रँक, पायडलचा जोड, स्टेमजवळचं हँडल आणि सीट पोस्ट बघा. बारीक रेघ, उचललेला रंग, उघडलेली फट दिसली तर सायकल तिथेच थांबवा.

२. नवीन आवाज आला तर त्याचं कारण सापडेपर्यंत उतार उतरू नका. हेडफोन हा उपाय नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

३. ब्रेकची वायर लिव्हरजवळ बघा. एक जरी तार सुटलेली दिसली तरी वायर बदला. शिमानोच्या डिस्क नव्या असताना १.८ मिलिमीटर जाड असतात आणि १.५ ला बदलायच्या असतात. बहुतेक डिस्कवर हा आकडा छापलेला असतो.

४. चेनवर पट्टी धरा. एका पिनच्या मध्यापासून मोजलं तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. उशीर केलात तर झिजलेली चेन मागचे दातेही खाते.

५. पडलात तर हँडल, फोर्क आणि कार्बनचे पार्ट जाणकाराला दाखवा. हेल्मेट जोरात आपटलं असेल तर ते बदलाच, त्यातला फोम एकदाच दबण्यासाठी असतो.

६. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींवर पायडलच्या खाली, बीबीच्या तळाला असतो. त्याचा आणि क्रँकच्या कोडचा फोटो काढून ठेवा. कुठला पार्ट कधी बदलला तेही नोट्समध्ये लिहा. सायकल विकताना ती नोंद पुढच्या माणसाला द्या, आणि पडला असाल तर तेही सांगा.

या रिकॉलसाठी कोड असा वाचा: क्रँकच्या मागच्या बाजूला, पायडल बसतं तिथे दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'केएफ' म्हणजे जून २०१२, 'आरएफ' म्हणजे जून २०१९. मॉडेल अल्टेग्रा एफसी-६८०० किंवा एफसी-आर८०००, अथवा ड्युरा-एस एफसी-९०००, एफसी-आर९१०० किंवा एफसी-आर९१००-पी असेल आणि कोड या दोन्हींच्या दरम्यानचा असेल, तर चालवणं थांबवा आणि डीलरला गाठा. सेकंड-हँड घेताना हे पैसे देण्याआधी बघा.

माझं ते तडकलेलं हँडल मी टाकून दिलं नाही. काकांनी ते दुकानात खिळ्याला टांगलंय. कोणी "आवाज येतोय, पण चालतंय" म्हणालं, की काका ते काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "दाबून बघा."