संगीताला जात नसते म्हणणाऱ्या रेडिओला आमचे काही प्रश्न

ब्लूज, रूट्स, वर्ल्ड म्युझिक असे सगळे एकत्र वाजवणारे रेडिओ कार्यक्रम सध्या आपल्या शिकलेल्या तरुणांत बरेच ऐकले जातात. तासभर सलग गाणी. मिसिसिपीचा ब्लूज संपतो न संपतो तोच जमैकाचा रेगे, मग मालीची गिटार, मध्येच मांगणियारांची एखादी तान. निवेदक मधाळ आवाजात सांगतो की संगीताला सीमा नसते, रंग नसतो. आमच्याकडे याचेच भाषांतर होते : संगीताला जात नसते.

या वाक्याला आमचा विरोध आहे. गाण्यांना नाही, गाणी जरूर ऐका. विरोध आहे तो गाणे ठेवून माणूस गाळणाऱ्या मिश्रणाला.

ब्लूज आज 'उदास मूड'चे संगीत म्हणून विकला जातो. तो मूड नव्हता. अमेरिकेतील गुलामी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात ती बटाईच्या शेतीतून आणि तुरुंगातल्या सक्तमजुरीतून वेगळ्या रूपात चालू राहिली. हिशेबाची वही जमीनमालकाच्या हातात आणि हंगामाच्या शेवटी कर्ज मजुराच्या डोक्यावर. ही व्यवस्था आपल्या आजोबांना समजावून सांगावी लागली नसती. त्या माणसांच्या गाण्यावर धंदा होऊ शकतो हे रेकॉर्ड कंपन्यांना १९२० पर्यंत पटत नव्हते. त्या वर्षी मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी पेरी ब्रॅडफर्ड यांचे 'क्रेझी ब्लूज' गायले आणि रेकॉर्ड प्रचंड खपली. कंपन्यांनी मग काय केले? काळ्या कलावंतांची वेगळी यादी काढली, 'रेस रेकॉर्ड्स' नावाची. कारखाना तोच, तबकडीची लाखही तीच, पण यादी वेगळी. पाणवठा वेगळा ठेवण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने त्याचे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. नाव सभ्य झाले, यादी वेगळीच राहिली.

आता हडी लेडबेटर, म्हणजे लेड बेली, यांचे पाहा. १९३३ मध्ये लुइझियानातील अँगोला तुरुंगात लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन यांनी त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. सुटल्यावर लेड बेली काही काळ लोमॅक्स यांची गाडी चालवत आणि त्यांच्याच कार्यक्रमांत गात. १९३५ च्या एका वृत्तचित्रात त्यांना पुन्हा कैद्याचे कपडे घालून उभे केले गेले. स्वतः त्यांना सूट आणि टाय आवडे. पण गोऱ्या प्रेक्षकाला 'अस्सल' काळा माणूस हवा होता आणि अस्सल म्हणजे तुरुंगातला. 'गुडनाइट आयरीन' या गाण्याच्या श्रेयात लेडबेटर यांच्या शेजारी लोमॅक्स यांचेही नाव लागले. ६ डिसेंबर १९४९ रोजी लेड बेली न्यूयॉर्कमध्ये वारले. (६ डिसेंबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे.) पुढच्याच वर्षी 'द वीव्हर्स' या गोऱ्या गायकसमूहाने तेच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. लोमॅक्स नसते तर हा आवाज कदाचित आपल्यापर्यंत पोचला नसता, हे आम्हाला मान्य आहे. पण संग्राहक म्हणजे निर्माता नव्हे.

दक्षिण आफ्रिकेचे सॉलोमन लिंडा यांची कथा याहून उघडीवाघडी आहे. हे झुलू गायक जोहान्सबर्गच्या गॅलो रेकॉर्ड कंपनीत माल बांधणारे कामगार होते. १९३९ मध्ये त्यांनी त्याच कंपनीसाठी 'म्बुबे', म्हणजे सिंह, हे गाणे गायले. पुढे त्याचे हक्क अवघ्या १० शिलिंगांत कंपनीकडे गेले. पीट सीगर यांनी मूळ झुलू शब्द चुकीचा ऐकला आणि 'विमोवे' असा केला. सीगर गात असलेल्या त्याच 'वीव्हर्स'नी गाणे त्या नावाने गाजवले. १९६१ मध्ये इंग्रजी शब्द चढवून 'द लायन स्लीप्स टुनाइट' आले आणि जगभर वाजले. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारले. १९९४ च्या 'द लायन किंग' चित्रपटात तीच धून होती. त्यांच्या मुलींना न्यायालयीन लढ्यानंतर तडजोड मिळाली ती २००६ मध्ये. त्यासाठी कामाला आला ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा स्वामित्वहक्क कायदा : लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी विकलेले हक्कही वारसांकडे परत येतात, अशी तरतूद त्यात होती. संगीताला रंग नसतो म्हणणाऱ्या कुणी ते पैसे आपणहून लिंडांच्या घरी पोचवले नव्हते.

आणि 'वर्ल्ड म्युझिक' म्हणजे काय? १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेच्या रेकॉर्ड दुकानात कुठल्या खणात ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून हे लेबल आले. हेतू विक्री वाढवण्याचा होता, दुष्ट नव्हता. पण परिणाम असा की युरोप-अमेरिका सोडून उरलेले सगळे जग एका खणात गेले. ग्रॅमी पुरस्कारवाल्यांनाही २०२० मध्ये हा शब्द वसाहतवादी वाटू लागला आणि त्यांनी तो बदलून 'ग्लोबल' केला! आपल्याकडचा 'लोकसंगीत' हा खण यापेक्षा वेगळा नाही. घराण्याचे गाणे असेल तर गुरूपासून तबलजीपर्यंत प्रत्येकाचे नाव. हलगी वाजवणारा असेल तर 'पारंपरिक', 'साथसंगत'. परंपरेला मानधन द्यावे लागत नाही.

यावर उत्तर येते की रेडिओ म्हणजे शाळा नाही, नावे सांगत बसलो तर रस भंगतो. हे इतिहासाला धरून नाही. अर्कान्सासमधील हेलेनाच्या केएफएफए केंद्रावर १९४१ पासून 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम दुपारच्या सुट्टीत लागे. शेतमजूर जेवता जेवता सनी बॉय विल्यमसन यांचा हार्मोनिका ऐकत. नाव इतके मोठे झाले की पीठ कंपनीने मक्याच्या पिठाच्या पिशवीवर त्यांचेच चित्र छापले. (तेही नाव त्यांनी दुसऱ्या एका नामवंत वादकाकडून उचलले होते. नावे उचलणे शोषितांच्या आतही चालते, हे विसरू नये.) मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८ मध्ये इतिहासाचे शिक्षक नॅट डी. विल्यम्स यांना निवेदक म्हणून बसवले. मालक गोरे होते, पण माइकवर काळा माणूस आपल्या लोकांशी बोलत होता. बी. बी. किंग याच केंद्रावर घडले. १९४९ मध्ये अटलांटात जेसी ब्लेटन यांनी डब्ल्यूईआरडी विकत घेतले, ते काळ्या मालकाचे पहिले रेडिओ केंद्र. त्याच इमारतीत पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय होते. या केंद्रांवर गाणे आणि लढा यांच्यामध्ये भिंत नव्हती, आणि रस काही भंगला नाही.

आमचा खरा मुद्दा मात्र आपल्या माणसांसाठी आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉईस यांना पत्र लिहिले, १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि १४ एप्रिलला आपलीच मुले ब्लूजच्या ठेक्यात भीमगीत मिसळून सोडतात तेव्हा त्यावर नाव असते फक्त मिक्स करणाऱ्याचे. भीमगीताची रचना आठवा. वामनदादा कर्डकांसारखा कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो. ज्या समाजाला सातबाऱ्यावर नाव नव्हते, त्याच्या कवीने गाण्यात सही करून ठेवली. मिक्समध्ये गाणे दोन कडव्यांनंतर विरत जाते, म्हणजे नेमकी ती सही कापली जाते. कंपनीने हे केले असते तर आपण मोर्चा काढला असता.

कायदाही आपल्या बाजूने आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ निर्मात्याला आपले नाव सांगण्याचा हक्क देते, हक्क विकले असले तरीही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, तेव्हा हिशेब करा. आणि साधने नाहीत हे कारण आता सांगू नका. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूरला २००८ पासून दलित स्त्रिया संघम रेडिओ चालवतात. बियाणे, गाणी, सण, सगळे त्यांच्याच आवाजात.

तेव्हा येत्या जयंतीसाठी मिक्स बनवणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे एवढेच : प्रत्येक गाण्याआधी कवी, गायक, वादक आणि गाव बोलून सांगा. दहा सेकंद लागतात. लेड बेलींनाही हाच नियम, वस्तीतल्या ढोलकीवाल्या काकांनाही. नाव माहीत नसेल तर 'पारंपरिक' लिहून मोकळे होऊ नका. 'नाव शोधत आहोत' असे लिहा आणि खरोखर शोधा. ज्या गायनपार्ट्यांनी कॅसेटच्या काळात चैत्यभूमीवर रात्री जागवल्या, त्यांतले अनेक जण आज सत्तरीपुढे आहेत. मोबाइल घेऊन या रविवारी त्यांच्याकडे जा, आणि जाताना मानधनाचे पाकीटही न्या.