ओंजळभर अंधार

मराठीच्या प्राध्यापकाने कॅमेऱ्यावर लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. पण कॅमेरा हा शब्द मुळी आमच्याच खात्यातला आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली. तोच पोर्तुगीजांच्या तोंडून इकडे आला आणि त्याचा 'कमरा' झाला. चित्र पाडणाऱ्या युक्तीचे जुने नाव 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे सरळसरळ अंधारखोली. भिंतीला एक बारीक भोक, बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. की समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड शीर्षासन करून उभे! उजेड वस्तूवर हवा आणि अंधार बघणाऱ्यापाशी हवा, हा या विद्येचा पहिला धडा. आजच्या कॅमेऱ्याला नेमका त्याचाच विसर पडला आहे.

जुने फोटोवाले तो धडा विसरत नसत. तिकाटण्यावर लाकडी पेटी, पेटीच्या पाठीला दुधी काच, काचेवर उलटे लटकलेले नवरा-नवरी आणि त्यांना न्याहाळत काळ्या फडक्यात डोके खुपसून बसलेला फोटोवाला. पोरांना वाटे, हा आपल्याशी भोकाभोक खेळतो आहे! पुढे रोलीफ्लेक्स आला. तो पोटाशी धरायचा, माथ्यावरचे झाकण उघडायचे. की पत्र्याचे चार पाखे ताठ उभे राहत आणि त्यांच्या सावलीत चित्र दिसे, तेही डावे-उजवे करून. आत घडीचे छोटे भिंगसुद्धा असे. वाकून बघणाऱ्या फोटोवाल्याने साऱ्या वऱ्हाडाला नमस्कार केल्यासारखे वाटे, ही निराळीच शोभा. नंतरच्या कॅमेऱ्यांत डोळा व्ह्यूफाइंडरच्या खिडकीला टेकवायचा, म्हणजे तिथेही अंधाराची सोय होतीच.

१९९५ साली कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. त्याच्या पाठीवर चक्क एक पडदा होता. डोळा मिटायला नको की वाकायला नको. सगळ्यांना आनंद झाला. सूर्याला मात्र कुणी विचारले नव्हते.

दुपारी बारा वाजता अंगणात पणती लावून बघा. ती जळत असते, पण दिसत नाही. पडद्याचे तसेच होते. कचेरीतला उजेड ३०० ते ५०० लक्स असतो, तर भर दुपारचे ऊन सुमारे १ लाख लक्स, म्हणजे दोनशे-तीनशे पट. पडद्याचा उजेड मात्र काही पटींनीच वाढवता येतो. शिवाय वरची काच आकाशाचे आणि आपल्या पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब दाखवते. आणि उन्हाने आपली बाहुली इतकी आक्रसलेली असते की जे थोडे दिसायचे, तेही काळसर दिसते. पोलराइज्ड गॉगल लावणाऱ्यांची तर बहारच! कॅमेरा उभा केला की कित्येक पडदे पार काळे पडतात आणि गडी कॅमेरा बिघडला म्हणून तो हलवू लागतो.

मग माणूस काय करतो? पडद्यावर हाताची ओंजळ धरतो. मुलुंडहून जवळच भांडुपचे पंपिंग स्टेशन आहे. तिथून पुढे खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचे हे अभयारण्य २०१५ सालचे. २०२२ साली त्याला रामसरचा दर्जाही मिळाला. तिथे सकाळी दहानंतर जा. पाण्यावरून ऊन डोळ्यांत उसळते आणि भारी भारी कॅमेरेवाली मंडळी डोक्यावरून ओढणी नाहीतर जाकीट घेऊन बसलेली असतात. म्हणजे काळे फडके परत आलेच की!

फोटोचे एक ठीक. तो फसला तर दुसरा काढता येतो. खरी पंचाईत चलच्चित्राची. २००८ साली निकॉनच्या डी-९० ने आरशाच्या कॅमेऱ्यात चित्रफितीची सोय आणली. चित्रण चालू असताना आतला आरसा वर उचललेला राहतो, म्हणून व्ह्यूफाइंडर आंधळा होतो. राहिला पडदा; आणि पडद्यावर ऊन.

आमच्या सोसायटीत एक मुंज झाली, ऐन मे महिन्यात. भिक्षावळ निघाली तेव्हा घड्याळात बारा वाजत होते. मुंज्याची पणजी कोकणातून मुद्दाम आली होती. जिने चढवत नाहीत, म्हणून ती फाटकापाशी खुर्चीवर बसली आणि पहिली भिक्षा तिने घातली. थरथरत्या हातातला लाडू झोळीत पडेपर्यंत चांगला अर्धा मिनिट गेला. ते चित्रण करणारा पोरगा आमच्या कॉलेजातला. असली कामे करून फी भरतो. पडद्यावर त्याला दिसत होते फक्त स्वतःचे कपाळ. घरी जाऊन बघतो, तो फाटकावरच्या झेंडूच्या माळा अगदी पाकळीन् पाकळी स्पष्ट, आणि त्यांच्यापुढे पणजी धुरकट! श्रावणात म्हातारी गेली. घरच्यांनी ती फीत अजून ठेवली आहे. लाडू दिसतो, हात दिसतो, चेहरा नाही. पैसे देताना त्याला कुणी काही बोलले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले असावे.

दोन महिन्यांनी तो स्टाफरूममध्ये एक काळी डबी घेऊन आला. बाजारात हिला लूप म्हणतात. पडद्याच्या मापाचे चौकोनी नळकांडे, टोकाला भिंग, भिंगाभोवती डोळ्याला बसणारी रबरी वाटी. पडद्यावर ते लोहचुंबकाने किंवा रबरी पट्ट्याने बसते. आयते महाग पडते, म्हणून याने घरीच केले होते. ज्या मुलखात बाबूराव पेंटरांनी आख्खा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे डबीचे काय एवढे! तिप्पट मोठे दाखवणारे भिंग पडद्यापासून साधारण ८ सेंटिमीटरवर ठेवायचे, एवढेच गणित.

मी डोळा लावला आणि चकित झालो. बाहेर रणरणते ऊन, आत नाटकगृहातला काळोख, आणि त्यात पिंपळाचे पान शिरांसकट. माझी चाळिशी टेबलावरच राहिली होती, तरी दिसले! भिंग थोडे पुढेमागे सरकवले की वाचण्याच्या चष्म्याचे काम तेच करते. आणखी एक फायदा त्याने सांगितला. कॅमेरा हातभर लांब धरला की थरथरतो. डबी डोळ्याला लागली की दोन हात आणि कपाळ, असे तीन टेकू मिळतात.

खोड्या आहेतच. आपल्या हवेत घामाने आणि श्वासाने भिंगावर वाफ धरते. मोबाइलला डबी लावली की मोबाइलचा सुटसुटीतपणा संपला. आणि लहान मुले त्या एकाक्ष राक्षसाला बघून रडतात, निदान आमच्या शेजारचा बंड्या तरी रडला. सर्वांत वाईट म्हणजे, डबी लावलेला कॅमेरा भिंग आकाशाकडे करून उन्हात ठेवला, तर तेच भिंग सूर्य गोळा करून पडद्याला कायमचा डाग देते. लहानपणी आपण कागद जाळत होतो ना, तसे. काम झाले की झाकण लावावे किंवा डबी काढून खिशात टाकावी.

आता सोसायटीत पोरांचे मातीचे किल्ले उभे राहतील आणि सकाळच्या उन्हात उकिडवे बसून आईबाप मावळ्यांचे फोटो काढतील. मिठाईचा रिकामा खोका आणि एखादे जुने भिंग घरात असेल, तर डबी अर्ध्या तासात होते. फक्त खोका आतून काळ्या कागदाने मढवा. चकचकीत रंग नको, तो चमकतो. आणि खोक्याला काजूकतलीचे तूप लागलेले नाही ना, ते आधी बघा. आमच्या पहिल्या डबीला मुंग्या लागल्या होत्या.