इंजिन नवं, पण ब्रेकचं काय?

मैत्रिणींनो, आमच्या अंगणात पारिजातकाच्या शेजारी गेली वीसएक वर्षं एक गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. स्टँडर्ड हेरल्ड, १९६४ सालची, दोन दरवाज्यांची. सासऱ्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. मी लग्न होऊन नाशकात आले तेव्हा ती शेवटच्या घटका मोजत का होईना, पण चालत होती. सासरे दर रविवारी सासूबाईंना तिच्यातून गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारून आणायचे. पुढे ते गेले, गाडी बंद पडली आणि तिच्यावर मांजरीनं पिल्लं घालायला सुरुवात केली. पावसाळ्याआधी ताडपत्री बदलायची, एवढाच काय तो माझा आणि तिचा संबंध.

मागच्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला. इंजिनिअर झालाय, अंबडला नोकरी करतो. फराळाची बशी हातात घेऊनच त्यानं ताडपत्री उचलली आणि म्हणाला, "काकू, ही साधी गाडी नाही हं. ही स्पोर्ट्स कारची बहीण आहे!"

त्याचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. आपल्याकडे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे विलायतेतली ट्रायम्फ हेरल्ड. तिचीच सांगाडा-चासी थोडी आखूड करून तिथल्या कंपनीनं १९६२ मध्ये 'स्पिटफायर' नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. जगभरातले हौशी लोक या गाड्यांत घरच्या घरी नवी इंजिनं बसवतात म्हणे. कारण तिची बॉडी आणि चासी वेगवेगळी असते आणि बॉनेट मडगार्डांसकट सगळंच्या सगळं पुढे उलटतं. आतलं इंजिन असं उघड्यावर येतं, की त्याच्या शेजारी उभं राहून काम करावं.

झालं! आमचे हे आणि पुतण्या यांचं ठरलं. भंगारातल्या एका मारुती जिप्सीचं इंजिन मिळत होतं. जुनं इंजिन ९४८ सीसीचं, चाळीस हॉर्सपॉवरच्या आतलं. जिप्सीचं १२९८ सीसीचं आणि जवळजवळ ऐंशी हॉर्सपॉवरचं. शिवाय ते गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवायला सोयीचं. "म्हणजे मापात बसतंय," असं म्हणत दोघांनी एकमेकांना टाळी दिली. खर्च? "लाख-दीड लाख, फार तर." ते पैसे कुठून? तर माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेल्या एफडीतून!

मला राग आला, हे कबूल करते. पण तो फक्त ओट्याचा नव्हता. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती आधी सांगते.

बचत गटांच्या कामानिमित्त मी बरीच वर्षं पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जाते. तिथल्या एका गटातल्या ताईंचा नवरा जीपमधून प्रवासी न्यायचा. जीप जुनी, पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं एका गॅरेजवाल्याकडून तिच्यात दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळात हे सर्रास चालायचं. जीप आधीपेक्षा जोरात पळायला लागली, घरात चार पैसे आले. आणि एके दिवशी घाटातल्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. तो गेला, दोन प्रवासी जखमी झाले. विम्याचे कागद काढले तेव्हा कळलं, की कागदावर एक इंजिन आणि गाडीत दुसरंच. मग पुढची कित्येक वर्षं ताई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "बाई, विंजिन बदललं ते त्यानं मला सांगितलंबी नव्हतं. सही मातर आता माझी लागती." ते वाक्य मी विसरू शकलेले नाही.

म्हणून मी या दोघांना म्हटलं, "थांबा. आधी मला सगळं समजावून सांगा, मग एफडी मोडायची की नाही ते बघू."

मी बी.ए. मराठी. इंजिनातलं मला काय कळतंय! पण मैत्रिणींनो, विचारायला लागलं की कळतं. आपल्या घरांची वायरिंग जुनी असते आणि आपण तिच्यावर नवाकोरा एसी लावतो, तेव्हा काय होतं? एसी चांगलाच असतो, पण भिंतीतली वायर तापते. गाडीचंही अगदी तसंच. नवं इंजिन नुसतं उचलून ठेवायचं नसतं. त्याला बसायला नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. गिअरबॉक्स बदलतो, म्हणून चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. जुन्या इंजिनाला कार्ब्युरेटर होता, नव्याला इंजेक्शन. म्हणजे जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप आला, पेट्रोलच्या नव्या नळ्या आल्या, छोटा कॉम्प्युटर आला आणि त्याची वायरिंग आली. साठ वर्षांच्या रबरी नळीत तो दाब सोडला तर काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आणि ब्रेक? हेरल्डला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. मी पुतण्याला विचारलं, "गाडी दुप्पट वेगानं गेली तर ब्रेकही दुप्पट लागणार का रे?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दुप्पट नाही काकू, चौपट." वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, हे तो कॉलेजात शिकला होता. घरच्या गाडीला लावून बघायचं तेवढं राहिलं होतं! कसारा घाट उतरताना ड्रम ब्रेक सारखे दाबत राहिलं तर ते तापतात आणि तापले की पकड सोडतात. त्यात हेरल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी, की वळणावर वेगात असताना एकदम अॅक्सिलरेटर सोडला तर चाक आत दुमडल्यासारखं होतं आणि गाडी मागून घसरते. चाळीस हॉर्सपॉवरला हे निभावून जायचं. ऐंशीला कसं निभावणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. इंजिन बदलणं हे काही पाप आहे, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडच्या कंपन्यांनीही हेच केलं. विलीज जीपच्या वंशातल्या महिंद्राच्या गाड्यांत पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्राचं डिझेल इंजिन आलं. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना तर आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं १९८५ मध्ये काढलेल्या '११८ एनई' गाडीची बॉडी इटलीच्या फियाटची होती आणि इंजिन जपानच्या निस्सानचं. नव्वदच्या दशकात अॅम्बॅसडरलासुद्धा इसुझूचं इंजिन मिळालं. पण कंपनी जेव्हा इंजिन बदलते तेव्हा ब्रेक, स्प्रिंगा, चासी सगळं तपासते, सरकारी चाचणी देते आणि मगच गाडी रस्त्यावर आणते. आपल्या अंगणात ही चाचणी कोण घेणार? शेजारचे काका?

कायदाही हेच विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत आपल्या मर्जीनं असा बदल करता येत नाही, की कंपनीनं ठरवलेली मूळ माहिती आणि नोंदणीपुस्तकातली माहिती जुळू नये. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी आणि नंतर पुस्तकात नोंद हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत, असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. आणि मालक म्हणजे कोण? पुस्तकात ज्याचं नाव आहे तो. आमच्या हेरल्डच्या पुस्तकात सासऱ्यांच्या पश्चात कुणाचं नाव लागलं होतं, ठाऊक आहे? सासूबाईंचं! आणि त्या माऊलीला कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं.

हे सगळं ऐकून पुतण्या हिरमुसला. म्हणाला, "काकू, असंच म्हणत राहिलं तर आपल्याकडे कुणी काही नवं करणारच नाही." त्याचंही बरोबरच आहे हो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. या लोहारदादांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले सुटे भाग आणि दुचाकीचं इंजिन जमवून, साधारण साठ हजार रुपयांत, चक्क किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी हेही सांगितलं, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाच्या दारात आली. मला ही गोष्ट फार आवडते. कारागिराच्या हाताचं कौतुक झालं आणि बायकामुलं नियमात बसणाऱ्या गाडीतून फिरायला लागली. पण प्रत्येकाच्या दारात कुणी बोलेरो घेऊन येणार नाही. आपल्या घरातल्या कारागिराला आपणच सांभाळायचं.

मग आम्ही सगळे एका रविवारी एकत्र बसलो. सासूबाईसुद्धा. मी वहीत तीन अटी लिहिल्या. पहिली, ब्रेक आणि चाकांचं काम आधी, इंजिनाचं नंतर. दुसरी, आरटीओत जाऊन विचारल्याशिवाय एकही बोल्ट खोलायचा नाही. तिसरी, खर्चाचा आकडा आधी ठरवायचा आणि वहीत रोज मांडायचा, मी किराणा मांडते तसा.

दुसऱ्या अटीनं सगळं चित्रच बदललं. चौकशी करताना पुतण्याला कळलं, की जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केलेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली खासगी गाडी असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळू शकते. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोज बाजारहाटाला ती वापरायची नाही, पण व्हिंटेज रॅलीत, प्रदर्शनात नेता येते. अट एकच : गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे जिप्सीचं इंजिन घातलं असतं, तर साठ वर्षांच्या गाडीचा हा मान दीड लाख रुपये मोजून आम्हीच घालवला असता!

सासूबाई इतका वेळ वाती वळत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ती सुरू होताना दोनदा खोकायची आणि मग लागायची. मला त्यावरूनच कळायचं, हे आले म्हणून. दुसरं इंजिन घातलंत तर मी कशाला बसू तिच्यात?" पुढे कुणी काही बोललं नाही.

ठरलं ते असं. जुनंच इंजिन उतरवून दुरुस्त करायचं. ट्रायम्फचे सुटे भाग विलायतेत आजही नवे बनतात, लागतील तेवढे मागवायचे. ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर, वायरिंग मात्र सगळं नवं. ओट्याची एफडी शाबूत आहे. हे आणि पुतण्या दर महिन्याला थोडे थोडे पैसे घालतात.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी चेन-पुली लावून इंजिन वर उचललं, तेव्हा माझी मुलगी पाना धरायला पुढे झाली. ह्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "तू चहा टाक गं जरा." ती हलली नाही. म्हणाली, "बाबा, मला कार्ब्युरेटर खोलून दाखवा." आज तो कार्ब्युरेटर तीच साफ करते, जुन्या टूथब्रशनं. चहा आता ज्याला हवा तो करतो.

गाडी, ट्रॅक्टर, जीप ही पुरुषांची खाती, असं म्हणून आपण बाजूला होतो. पण घाट उतरताना मागच्या सीटवर मुलांना घेऊन आपणच बसलेल्या असतो. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून आपला अंगठा असतो. आणि काही बरंवाईट झालं, तर पेठच्या त्या ताईंसारखं कोर्टातही आपल्यालाच उभं राहावं लागतं. मग विचारायचं कुणी?

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या तुमच्या अंगणात कुणी जुनी गाडी खोलून बसलं, तर नाक मुरडू नका. हौस चांगलीच असते. फक्त जवळ जाऊन एवढं विचारा : ब्रेक कसे आहेत? पुस्तकात इंजिनचा नंबर कुठला आहे? विमा कंपनीला कळवलंय का? आणि पैसे कुठून येणार? उत्तरं नीट मिळाली तर खुशाल पाना हातात घ्या. नाही मिळाली, तर एफडीची पावती कपाटातच राहू द्या.